सुटता सुटेना

फायबरचा धंदा हा मुळात डिंकाचा धंदा आहे. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन नावाचा नाकात जाणारा चिकट द्रव चोपडायचा, रोलर फिरवून आतली हवा काढायची आणि ते वाळून दगड झालं की म्हणायचं, वस्तू तयार. पाण्याच्या टाक्या, ट्रॅक्टरची छपरं, बालोद्यानातल्या घसरगुंड्या, रसवंतीपुढचा बैल, मंडळाच्या देखाव्यातला हत्ती, सगळे यातनंच जन्माला येतात. गंमत अशी, की ही वस्तू ज्या साच्यात करायची तो साचाही त्याच काचेचा आणि त्याच रेझिनचा. म्हणजे डिंकाच्या परातीत डिंक ओतायचा आणि वाळल्यावर तो सुखरूप बाहेर येईल अशी आशा धरायची. एवढी आशा माणूस एरवी फक्त सरकारी अनुदानावर ठेवतो, आणि तिथंही मनातून सावध असतो.

मोल्ड जुना, रुळलेला असेल तर ही आशा फळते. वर्षानुवर्षं मेण खाऊन त्याचा पृष्ठभाग मुरलेला असतो. पीस नुसता कडेला धरून हलवला तरी ‘टक्’ करून सुटतो. खरी परीक्षा नव्या मोल्डची. तो दिसायला आरशासारखा असतो, आणि पहिला पीस त्याच्या पोटात गेला की तो देतच नाही.

आमचे दाजी हा धंदा कुपवाडच्या एमआयडीसीत करतात. मी साताऱ्याचा, बहीण सांगलीत दिलेली, त्यामुळं सणावाराला, आणि सण नसला तर दाजींचा काहीतरी घोटाळा झाल्यावर, माझं तिकडं जाणं होतं. बरोबर बहुतेक वेळा आमचे मोठे मामा असतात. मामांच्या मते सांगली हा स्वतंत्र जिल्हाच नव्हे. १९४९ साली साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत या संस्थानांचा मुलूख एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा केला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं, हे त्यांना मान्य आहे. दाजी म्हणतात, साताऱ्याच्या मोल्डमधनं सांगलीचा पीस अकरा वर्षांत पूर्ण सुटला. मामा म्हणतात, “कडेला अजून चिकटलेलाच आहे.”

तर झालं असं, की दाजींना मिरजेहून तंबोऱ्याच्या पेट्यांचं काम आलं.

मिरजेत सतार आणि तंबोरा करणारी घराणी पिढ्यान्पिढ्या आहेत. अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले ते काही हवापाण्यासाठीच नव्हे. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन मिळालं म्हणून भोपळ्याची साल जाड होत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं आलेला तो भला मोठा भोपळा, वर तबली, वर माणसाएवढी दांडी, हे सगळं रेल्वेतून किंवा विमानाच्या पोटातून न्यायचं म्हणजे गवयाचा जीव खुंटीला टांगलेला. म्हणून फायबरची पेटी: खाली भोपळा मावेल असा पाळणा, वर झाकण, आत मखमलीचं अस्तर, कडेला कड्या. मिरजेचे कारागीर दाजींकडं नमुन्याचा तंबोरा घेऊन आले तेव्हा त्यांनी तो लहान मूल ठेवावं तसा गादीवर ठेवला आणि जाताना मिस्त्रीला तीनदा बजावलं, “याच्यावर काही ओतू नका.”

मिस्त्री म्हणजे दाजींच्या शेडचा खरा मालक. दाजी चेकवर सही करतात, बाकी सगळं मिस्त्री. लाकूड आणि लांबी लावून त्यांनी पेटीचा पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरनं मोल्ड उतरवायचा ती प्रतिकृती, केला, आणि मोल्ड घेण्याआधी दाजींना थांबवलं. “सायेब, भोपळा तबलीच्या खाली आनी फुगतोय. जोड तबलीला घेतला तर खालचा पीस आत अडकून बसंल. मग कितीबी मेन लावा, ब्रह्मदेव आला तरी निघायचा न्हाई.” म्हणजे काय, तर साच्याचं तोंड सगळ्यांत रुंद असायला हवं आणि तिथून खाली भिंती आत आत, दोन-तीन अंशांनी का होईना, निमुळत्या जायला हव्यात. मग जोड भोपळ्याच्या कमरेवर घेतला. ही एक अडचण अशी कागदावरच मिटली. त्यामुळं पुढं जे झालं त्याचं खापर भोपळ्यावर फोडता आलं नाही, याची दाजींना अजून रुखरुख आहे.

मोल्ड तयार झाला. वरचा थर, म्हणजे जेलकोट, काळाभोर, वॉटर पेपर मारून बफ केलेला. त्यात दाजींनी स्वतःची मिशी बघितली. मिरजेची मंडळी म्हणाली होती, चोर गणपती बसायच्या आत पहिली पेटी द्या. सांगलीत संस्थानच्या गणपतीच्या देवळात भाद्रपद प्रतिपदेला, चतुर्थीच्या आधीच, गाजावाजा न करता तो बसतो. तारीख तशी लांब होती. पण मुदत लांब असली की दाजींना जास्तच घाई होते. सकाळी पॅटर्नवरनं मोल्ड उतरवला आणि संध्याकाळी त्यात पहिला पीस मारायचा असं ठरलं.

त्या दिवशी शेडवर दोन माणसं ठरल्याविरुद्ध बोलली. एक मिस्त्री, ते फक्त डोकं खाजवत म्हणाले, “हिरवा हाय अजून.” दुसरी माझी बहीण. ती हिशेब लिहायला तिथं येते. मोल्डवरनं जाताना तिनं नाक मुरडलं. “याला वास येतोय.”

“फायबरला वास येणारच,” दाजी म्हणाले.

“पलीकडच्या जुन्या मोल्डला नाही येत.” एवढं बोलून ती थांबली नाही. तिनं मेणाचा डबा उचलला, चष्मा लावला आणि डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला लागली. त्या शेडच्या इतिहासात डब्यावरची सूचना कुणी वाचल्याचा हा पहिला प्रसंग असावा. तिथं लिहिलं होतं, की नव्या मोल्डला एकापाठोपाठ एक बरेच हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर थांबावं, शेवटच्या हातानंतर रात्रभर ठेवावं. दाजी म्हणाले, “डब्यावर काय, काहीही लिहितात. मेण जास्त खपावं म्हणून.”

नवा मोल्ड निघाला ही बातमी कुपवाडात पसरायला फोन लागत नाही. दुपारच्या चहाला शेजारपाजारचे सगळे जमले. प्रत्येकाच्या हातात चहा आणि तोंडात उपाय.

पलीकडं रबराचे वायसर करणारा कारखानदार म्हणाला, “आम्ही सिलिकॉनचा स्प्रे मारतो. टाळी वाजवली की रबर खाली पडतं.” लेथवाल्यानं ग्रीस सुचवलं, लेथवाला पोटदुखीवरही ग्रीसच सुचवतो. दाजींचा पुतण्या मोटारसायकल चमकवायचं पॉलिश घेऊन आला आणि कुणी विचारायच्या आत चिंधीही शोधू लागला. शिराळ्याकडचे एक पाहुणे गुऱ्हाळवाले निघाले. त्यांनी विचारलं, “साच्याला फडकं नाही का लावत?” काहिलीतला गूळ वाफ्यात थंड करून साच्यात भरायच्या आधी आत ओलं फडकं अंथरतात, ढेप त्या फडक्यासकट उचलून येते आणि फडकं सोलून काढलं की झालं. सगळे हसले. खरं तर त्या बैठकीत मुद्द्याच्या सगळ्यांत जवळ तेच आले होते, कारण फायबरवालेही शेवटी असलंच एक फडकं मध्ये घालतात, फक्त ते फवारून घालतात. पण ते नंतर.

मामांनी चहा संपवला, बशी उपडी केली आणि म्हणाले, “आमच्या साताऱ्यात हा प्रश्नच नव्हता.” मामा तरुणपणी फौंड्रीत होते. धनजीशा कूपरांनी १९२२ साली साताऱ्यात कारखाना काढला, नांगर ओतले, इंजिनं केली, आणि १९३७ साली तोच माणूस मुंबई प्रांताचा पंतप्रधान झाला, ही गोष्ट ते कुठल्याही विषयावरनं दोन वाक्यांत आणू शकतात. “वाळूचा साचा. लोखंड ओतलं, थंड झालं, की हातोड्यानं साचा फोडायचा. चिकटायला साचा उरतोच कुठं?”

“किर्लोस्करवाडी १९१० सालची,” दाजी म्हणाले. “म्हणजे नांगर सांगलीचा आधी.”

“तेव्हा ते औंध संस्थानात होतं. औंध साताऱ्यात गेलं.”

यावर अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात मेणाचा एक हात वाळून झाला असता.

मला या बैठकीत जाणवलं ते असं, की प्रत्येकाचा सल्ला ज्याच्या त्याच्या धंद्यात सोळा आणे खरा होता. रबराला सिलिकॉन चालतं. फायबरच्या मोल्डला ते एकदा लागलं की जेलकोट त्याच्यावर पसरायलाच तयार होत नाही; जागोजाग गोल गोल डोळे पडतात, आणि पुढं पिसावर रंगही टिकत नाही. पुतण्याच्या पॉलिशमध्येही सिलिकॉनच होतं. मिस्त्रींनी ते डबडं चिमटीत धरून, उंदीर टाकावा तसं, शेडच्या बाहेर नेऊन ठेवलं. आणि दुसरं जाणवलं ते असं, की सगळेजण काय लावायचं ते सांगत होते. किती थांबायचं हे कुणी विचारतच नव्हतं. आपल्याकडं लावण्याला मान आहे. मलम लावतो, शिफारस लावतो, वशिला लावतो. थांबणं म्हणजे काहीच न करणं, आणि काहीच न करणाऱ्याला चहासुद्धा दुसऱ्या फेरीत मिळतो.

संध्याकाळी दाजींनी मेणाचे दोन हात घाईघाईत फिरवले, वर पेटीचा हस्तिदंती जेल मारला, आणि रात्री मॅटचे थर चढले.

सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. मिस्त्रींनी झाकणाच्या कडेची जास्तीची मॅट कापली आणि प्लास्टिकची पाचर फटीत घातली. लोखंडी पटाशी ते जवळ येऊ देत नाहीत. ती पिसाआधी मोल्डला खाते. रबरी हातोड्याचा एक हलका ठोका. मग दुसरी पाचर वीतभर पुढं. मग कान लावून ऐकणं. फायबर सुटताना कटकट आवाज येत जातो, आणि हस्तिदंती रंगाखाली हवा शिरत गेल्याचा फिका डाग पुढं सरकताना दिसतो. आमच्या झाकणावर तो डाग दोन बोटं सरकला आणि थांबला. कंप्रेसरची हवा सोडली. हवा ज्या फटीतनं आत गेली त्याच फटीतनं फुस्स करून परत आली. दाजी म्हणाले, “दोघं धरा.” दोघांनी धरलं. मग चौघांनी धरलं. लेथवाला आला. मोल्ड जमिनीवरनं उचलला गेला, पीस काही मोल्डमधनं उचलला गेला नाही. शेवटी एक आवाज आला, पण तो ‘टक्’ नव्हता. जाड कापड फाटावं तसा तो लांबला. झाकण हातात आलं तेव्हा त्याच्या हस्तिदंती पाठीवर तळहाताएवढी काळी साल चिकटलेली होती. मोल्डचा जेलकोट मुळासकट उपटून आला होता.

मिस्त्री त्या काळ्या ठिपक्यावरनं अंगठा फिरवत राहिले. “जोड लै पक्का झालाय,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडं कौतुकही होतं.

त्यानंतरच्या चहाला कारणं जमली. रेझिनचा लॉट वाईट. पावसाळी हवा. काल अमावस्या होती. मामा म्हणाले, दक्षिण सातारा.

खरं कारण सांगितलं ते केमिस्ट्रीच्या सरांनी. सर निवृत्त आहेत, त्यामुळं बोलावलं की येतात आणि फळा नसला तर भिंतीवर लिहितात. रेझिन डब्यात पातळ राहतं ते त्यातल्या स्टायरीनमुळं. त्यात पस्तीस ते पंचेचाळीस टक्के स्टायरीनच असतं. हार्डनर पडला, की हे स्टायरीन रेझिनच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधत जातं. शेकडा एक-दोन भाग हार्डनर पुरतो, पण बांधाबांध संपायला दिवस लागतात. नवा मोल्ड वरनं कडक लागतो, नखानं ओरखडा निघत नाही. आत मात्र पुष्कळ हात अजून मोकळे असतात आणि न बांधलं गेलेलं स्टायरीन वास होऊन बाहेर येत असतं. “वहिनींना आला तो हाच,” सर म्हणाले. वहिनींनी दाजींकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

“अशा मोल्डवर ताजं जेल मारलं, की त्यातलं स्टायरीन आधी मेणात शिरतं. मेण पातळ असेल, कुठं चुकलेलं असेल, तर ते मऊ करून पलीकडं जातं आणि त्या मोकळ्या हातांना जाऊन मिळतं. वर वाळताना रेझिन तापतं, ती उष्णता याला मदतच करते. मग तो पीस राहत नाही. तो मोल्डचा पुढचा थर असतो.”

“मग करायचं काय?” दाजींनी विचारलं.

“थांबायचं,” सर म्हणाले. सगळ्यांचे चेहरे पडले. फी देऊन डॉक्टरनं नुसतं पाणी प्या सांगितल्यासारखं झालं.

सरांचं म्हणणं असं: मोल्ड काही दिवस पॅटर्नवरच राहू द्यायचा, उतरवल्यावर आणखी काही दिवस, जमलं तर साठ-सत्तर अंशांच्या उबेत. कुपवाडात भट्टी नसली तरी एप्रिलमधलं पत्र्याचं शेड बऱ्यापैकी काम भागवतं. पण आता होता आषाढ, आणि पत्र्यावर दिवसरात्र पाऊस. म्हणजे दिवस आणखी वाढवायचे. मग मेण. मेणावर सर पाऊण तास बोलले. चांगल्या मोल्डच्या मेणात कार्नोबा असतं. ते ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरनं झाडून काढतात, आणि ते ८२ अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून रेझिनच्या उष्णतेपुढं ते बराच वेळ तग धरतं. दाजी हे ऐकताना हिशेब करत होते. ब्राझीलच्या ताडावरनं निघालेलं मेण कुपवाडला पोचेपर्यंत सगळे थांबले. आता शेवटचे आठ दिवस थांबायला फक्त त्यांनाच सांगत होते.

मिस्त्रींनी मोल्डची फाटलेली साल भरून घेतली, चारशेपासून दोन हजार नंबरपर्यंत वॉटर पेपर मारला, पुन्हा आरसा केला. आता दाजींना थांबवायचं कसं? हा प्रश्न बहिणीनं सोडवला. पंचमी जवळ आलेली होती. ती माहेरपणाला साताऱ्याला निघाली, आणि शेडच्या आतल्या खोलीची, म्हणजे जिथं तो मोल्ड आडवा ठेवला होता तिची, किल्ली पर्समध्ये घालून निघाली. दुसरी किल्ली कुठं आहे हे दाजींना माहीत होतं. तीही पर्समध्येच होती.

दाजी पाठोपाठ साताऱ्याला आले. सांगितलं, पंचमीची साडी घेऊन आलो. साडी आणली होती हेही खरं. बहिणीनं साडी ठेवून घेतली आणि किल्लीचं नाव काढलं नाही. मग माणसाला रमवायचं म्हणून मी त्यांना ठोसेघर-चाळकेवाडीला नेलं.

श्रावणात त्या पठारावर जायचं म्हणजे ढगात जायचं. ठोसेघरचा धबधबा दरीभर कोसळत होता. लोक छत्र्या उलट्या होईपर्यंत फोटो काढत होते. दाजींनी धबधब्याकडं कणीस खाण्यापुरती पाठ केली आणि म्हणाले, पुढं काय आहे? पुढं पवनचक्क्या. चाळकेवाडीला आणि तिथून पलीकडं कोयनेच्या जलाशयावरच्या वनकुसवड्याच्या पठारावर त्यांची रानंच्या रानं उभी आहेत. धुक्यात खांब दिसत नव्हता. वरच्या पांढऱ्यातनं एक लांबलचक पातं खाली यायचं, सुंई करून समोरनं जायचं आणि पुन्हा ढगात शिरायचं. मग दुसरं. मी मनात म्हटलं, चला, आता तरी दाजी मोल्ड विसरतील.

दाजी गाडीतनं उतरले, पावसात उभे राहिले, आणि दोन-तीन पाती गेल्यावर म्हणाले, “एवढं लांब, सुटलं कसं असेल?”

कारण पातंही शेवटी आपलंच. काच आणि रेझिन. दोन लांबच लांब पन्हाळी वेगवेगळ्या मोल्डमध्ये करायच्या, मोल्ड मिटवून त्या एकमेकींना चिकटवायच्या आणि मग मोल्ड उघडायचा. म्हणजे एवढ्या प्रचंड वस्तूत आतल्या कडा मरेपर्यंत चिकटायला हव्यात आणि बाहेरचा पृष्ठभाग कणभरही चिकटता कामा नये. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच मोल्डमध्ये. तिथं मेणाऐवजी मोल्डवर कडक बसणारा पातळ लेप देतात, तो एकदा दिला की अनेक पिसांना पुरतो. हे सगळं दाजी मला पावसात ओरडून सांगत होते. बाजूला एक जोडपं पवनचक्कीबरोबर फोटो काढत होतं. त्यातल्या मुलीनं नवऱ्याला विचारलं, “हे इथले इंजिनिअर आहेत का?” दाजींनी ते ऐकलं. त्यानंतर परतीच्या वाटेवर ते बरेच शांत होते आणि सज्जनगडाच्या फाट्यावर त्यांनी मला स्वखुशीनं भजी खाऊ घातली.

पंचमी झाली, किल्ली सांगलीला परत आली. आतल्या खोलीचं दार उघडलं तेव्हा बहीण आधी आत गेली, मोल्डवर वाकली, आणि आम्ही सगळे बाहेर तिच्या नाकाकडं बघत उभे. “नाही येत,” ती म्हणाली.

मग मेण. मिस्त्रींचा हात बघण्यासारखा होता. बोटावर जेमतेम दिसेल एवढं मेण, छोट्या छोट्या वर्तुळांत, कुठला कोपरा सुटू न देता. लांबून बघितलं तर माणूस नुसता मोल्ड कुरवाळतोय असं वाटावं. पृष्ठभाग धुरकट झाला की मऊ फडक्यानं पुसून पुन्हा आरसा. मग तासभर काही नाही. दाजी त्या तासात शेडमध्ये येरझाऱ्या घालायचे, फोन करायचे, जुनी बिलं फाडायचे. मग पुढचा हात. जास्त मेण फासायचं नाही, कारण ते चढत नाही, नुसतं साचतं; आदल्या हाताला घट्ट बसू दिलं तरच पुढच्याचा उपयोग. हात किती झाले ते बहीण कॅलेंडरच्या कोपऱ्यात रेघा मारून ठेवत होती, कारण दाजी दर खेपेला मागच्यापेक्षा एक जास्त सांगत होते. रात्रभर ठेवून सकाळी मिस्त्रींनी पीव्हीए फवारलं. हेच ते गुऱ्हाळवाल्या पाहुण्यांचं फडकं. निळसर, पाण्यात विरघळणारं, वाळल्यावर सायीएवढं पातळ. पहिल्या काही पिसांपुरतं ते मेण आणि जेल यांच्यामध्ये उभं राहतं, आणि पीस अडलाच तर फटीत कोमट पाणी सोडलं की विरघळून वाट देतं. पावसाळी हवेत ते वाळता वाळत नव्हतं. पुतण्या हेअर ड्रायर घेऊन आला. या खेपेला मिस्त्रींनी त्याचं डबडं बाहेर ठेवलं नाही, त्याला आत घेतलं, आणि तेव्हापासून तो पोरगा शेडमध्ये मोठ्या माणसासारखा चालतो.

जेल मारला, मॅट बसली, रात्र गेली. सकाळी पाचर घालायच्या आधीच मिस्त्रींनी कडेला अंगठा दाबला आणि झाकण ‘टक्’ करून वर आलं. आत एक निळं कातडं राहिलं होतं. ते त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. दाजींनी पेढे मागवले, साताऱ्याचे कंदी, मामांच्या समोर मुद्दाम. चोर गणपतीच्या आधी पेटी मिरजेला गेली. मिरजेच्या कारागिरांनी आत तंबोरा ठेवला, कड्या लावल्या, पेटी कानाशी धरून हलवली आणि पुढच्या पेट्यांची ऑर्डर दिली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दाजींना आता मेणाचं वेड लागलं. प्रत्येक पिसानंतर ते स्वतः एक हात द्यायला लागले, पीव्हीएही दुप्पट. त्यात गणपतीच्या गडबडीत जेलमध्ये हार्डनर जरा सढळ पडला. एका सकाळी मी शेडवर पोचलो तर मोल्डमध्ये मॅट अजून मारलेली नव्हती, नुसता जेल वाळत होता, आणि भोपळ्याच्या खोल बाजूला तो आपण होऊन मोल्डपासनं सुटून वर उचलला जात होता. रेझिन वाळताना आकसतं, आणि धरून ठेवायला खाली काही उरलेलंच नव्हतं. हस्तिदंती कातडीला दोन सुरकुत्या पडल्या, मग तिसरी. दाजी दोन्ही तळहातांनी ती परत दाबायला बघत होते. एका बाजूला दाबलं की दुसरीकडं फुगत होती.

सर आलेच होते. चष्मा पुसत म्हणाले, “याला प्री-रिलीज म्हणतात. वेळेआधी सुटणं. मेण कमी करा.”

“सर,” दाजी मोल्डवर ओणवे पडलेले, “नाव ठेवून झालं असेल तर तेवढं त्या बाजूनं धरा.”